मे महिन्याची सुट्टी सार्थकी लावताना : गोव्यातल्या महाविद्यालयीन शिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी

एप्रिलअखेर परीक्षा उरकत येतात, मग उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, मग प्रवेशाची गर्दी. त्यातून मान वर करेपर्यंत पाऊस लागलेला असतो. या मधल्या दिवसांत शिक्षकांना नि कर्मचाऱ्यांना करण्यासारखे पुष्कळ असते: अभ्यासक्रम, संशोधन, प्रशिक्षण, फेलोशिपचे अर्ज. संधी कमी नाहीत. नुकसान होते ते वेगळ्याच कारणाने. काम होते पण त्याचा आदेश नसतो, प्रमाणपत्र असते पण त्याची तारीख चुकीच्या वर्षात पडते, प्रबंधाचे साहित्य डोळ्यांसमोर असते पण परवानगीचे पत्र गेलेलेच नसते. म्हणून या लेखात कुठे काय मिळते याच्या बरोबरीने, ते पदरात पडण्यासाठी कोणता कागद कधी हलवायचा हेही सांगितले आहे.

पहिले काम : बढतीचा हिशेब

कुठल्याही एफडीपीचा (फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्राम, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा) दुवा आला की लगेच नाव नोंदवू नका. आधी एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा: रुजू झाल्याची तारीख, सध्याचा अकॅडेमिक लेव्हल (वेतनाची पायरी), पीएचडी आहे की नाही, आणि पुढच्या लेव्हलला पात्र होण्याची तारीख. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीप्रमाणे लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडीधारकाला ४ वर्षे लागतात, एम.फिल. किंवा एलएल.एम., एम.टेक. यांसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असलेल्याला ५, आणि दोन्ही नसलेल्याला ६. म्हणजे १० जून २०२२ रोजी रुजू झालेला पीएचडीधारक १० जून २०२६ला पात्र ठरतो. त्याच दिवशी रुजू झालेल्या पण केवळ नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असलेल्या सहकाऱ्याला १० जून २०२८पर्यंत थांबावे लागते. दोघांनी एकाच उन्हाळ्यात एकच कोर्स करण्याची घाई करायचे कारण नाही.

या पहिल्या टप्प्यासाठी २१ दिवसांचा एक ओरिएंटेशन कोर्स लागतो. त्याशिवाय पुढीलपैकी कोणतीही एक गोष्ट: किमान ५ दिवसांचा रिफ्रेशर (विषयाच्या उजळणीचा वर्ग), संशोधनपद्धतीचा वर्ग किंवा एफडीपी, नाहीतर प्रमाणपत्रासह एक मूक (MOOC, सर्वांना खुला ऑनलाईन) कोर्स, नाहीतर चार भागांचे ई-साहित्य. लेव्हल ११ वरून १२ साठी ५ वर्षे आणि किमान १० दिवसांचे असे दोन कार्यक्रम. १० दिवसांच्या एका कार्यक्रमाऐवजी ५-५ दिवसांचे दोन चालतात. लेव्हल १२ वरून १३-ए साठी ३ वर्षे, पीएचडी, आणि १० दिवसांचा एक कार्यक्रम. प्राध्यापकपदासाठी, म्हणजे लेव्हल १४ साठी, हिशेब पूर्ण बदलतो. तिथे १० शोधनिबंध, त्यांपैकी ३ मूल्यमापनाच्या काळातले, आणि ११० संशोधन-गुण लागतात. लेव्हल १३-ए वर असलेल्याने मे महिना आणखी एका ऑनलाईन एफडीपीत घालवण्यापेक्षा अर्धवट राहिलेला शोधनिबंध पुरा करावा, हे यावरून उघड आहे.

जानेवारी २०२५मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला होता. तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी आपल्या पात्रतेच्या तारखेला कोणते नियम लागू आहेत, हे कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. सहकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी भरलेला अर्ज नमुना म्हणून चालेल, नियम म्हणून नाही.

छाननी समितीसमोर प्रमाणपत्रे कुठे अडतात? बहुतेक वेळा चार ठिकाणी. एक, तारीख: कार्यक्रम मूल्यमापनाच्या काळाच्या एक दिवस आधी किंवा नंतर संपलेला असला तरी तो मोजता येत नाही. दोन, दिवस: «एक आठवड्याचा» असे लिहिलेले असते, पण तारखा सोमवार ते गुरुवार, म्हणजे चारच दिवस. तीन, प्रकार: वेबिनार मालिका, परिषद आणि एफडीपी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रमाणपत्रावर जो शब्द आहे तोच धरला जातो. चार, एकाच वेळी दोन ठिकाणी हजेरी: ऑनलाईन कोर्सच्या सत्रांच्या वेळेतच परीक्षा-पर्यवेक्षणाच्या नोंदवहीत तुमची सही असते. हे शेवटचे सर्वांत जड जाते, कारण त्यातून कोर्सबरोबर तुमच्या शब्दावरही शंका येते. म्हणून नाव नोंदवण्याआधी विभागाचे परीक्षा-वेळापत्रक कोर्सच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून ताडून पाहा.

दुसरे काम : आदेश हातात घेणे

प्रवेश समिती, निकालपत्रके, नॅकची (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) कागदपत्रे, शिष्यवृत्तीची पडताळणी अशा कामांसाठी सुट्टीत शिक्षकांना बोलावले जाते. बोलावणे बहुधा तोंडी असते, नाहीतर व्हॉट्सॲपवर येते. इथेच रजा बुडते. यूजीसीच्या नियमावलीप्रमाणे शिक्षकाची अर्जित रजा दोन भागांत जमा होते. सुट्टी धरून झालेल्या प्रत्यक्ष सेवेचा तिसावा भाग, आणि शिवाय सुट्टीत जितके दिवस कामावर ठेवले त्याचा तिसरा भाग. मे महिन्यात १५ दिवस प्रवेशाचे काम केले तर ५ दिवस अर्जित रजा वाढते. जमा रजेची कमाल मर्यादा ३०० दिवस. सरकारी महाविद्यालयात केंद्राचे रजा नियम लावले जातात आणि सुट्टीत काम करणाऱ्यांचा हिशेब तिथे वेगळ्या रीतीने होतो. तेव्हा आपल्या सेवापुस्तिकेला कोणता नियम लागू आहे ते लेखाविभागात विचारून घ्या. नियम कोणताही असो, लेखी आदेश नसेल तर लिपिकाला नोंद करता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आदेशात पाच गोष्टी हव्यात: नाव व पद, काम कोणते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, «सुट्टीच्या काळात कामावर थांबवण्यात येत आहे» असे स्पष्ट वाक्य, आणि प्राचार्यांची सही जावक क्रमांकासह. आदेश मिळत नसेल तर स्वतःच एक पानाचे पत्र लिहा: «आपल्या सूचनेनुसार मी अमुक तारखेपासून प्रवेश समितीच्या कामावर हजर राहत आहे, कृपया तसा आदेश द्यावा.» ते आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक नि शिक्का घ्या. रोज हजेरीच्या वहीत सही करा. सुट्टीत ही वही कपाटात बंद राहते, म्हणून पहिल्याच दिवशी ती बाहेर काढून ठेवायला सांगा.

हाच आदेश दुसऱ्यांदाही उपयोगी पडतो. वार्षिक मूल्यमापनात अध्यापनाबरोबर इतर कामांचा भाग असतो. तीन किंवा अधिक प्रकारच्या कामांत सहभाग असेल तर «चांगले», एक-दोन असतील तर «समाधानकारक». परीक्षेचे व उत्तरपत्रिका-तपासणीचे काम, प्रशासकीय जबाबदारी, विद्यार्थ्यांचे उपक्रम, एनएसएस-एनसीसी, चर्चासत्राचे आयोजन, चालू संशोधन प्रकल्प हे सगळे त्यात येते. मे महिन्यात विद्यापीठाच्या केंद्रीय तपासणीला गेलात तर तिथले उपस्थितीपत्र घेऊनच उठा. दोन वर्षांनी ते मागायला गेल्यास कुणाला सापडत नाही.

स्वतःच्या इच्छेने घेतलेला कोर्स सुट्टीत केला म्हणून त्या दिवसांची अर्जित रजा मिळेल असे धरून चालू नका. महाविद्यालयाने पाठवले आहे की तुम्ही निवडले आहे, हे आधी कागदावर स्पष्ट करून घ्या. सुट्टीबाहेर पडणाऱ्या दिवसांसाठी ड्युटी लीव्ह (कामावर आहे असे धरून मिळणारी रजा) आहे, पण तिला वर्षाला ३० दिवसांची मर्यादा आहे. म्हणून महिनाभराचा कोर्स शक्यतो सुट्टीतच बसवा आणि ड्युटी लीव्ह परिषदा नि परीक्षाकामासाठी राखा.

कोर्स कुठे, कसा

५ सप्टेंबर २०२३ला मालवीय मिशन सुरू झाले आणि देशभरातल्या मनुष्यबळ विकास केंद्रांना मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे नाव मिळाले. गोवा विद्यापीठाचे केंद्र ताळगाव पठारावर आहे. नव्याने रुजू झालेल्यांसाठीचा गुरुदक्षता हा महिनाभराचा कार्यक्रम ओरिएंटेशनच्या जागी धरला जातो. जवळचे केंद्र सोयीचे, पण तुमच्या विषयाचा रिफ्रेशर इथे याच वर्षी असेलच असे नाही. ऑनलाईन कार्यक्रम देशातल्या कोणत्याही केंद्राचा करता येतो. मराठी, इतिहास, गणित अशा विषयांसाठी तर पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगरकडच्या केंद्रांची वेळापत्रकेही पाहावीत.

नोंदणीचा क्रम असा ठेवा. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राचे वार्षिक वेळापत्रक काढा. त्यातून दोन कार्यक्रम निवडा, एक पहिल्या पसंतीचा, एक राखीव. प्राचार्यांमार्फत अर्ज पाठवण्याचे पत्र आणि ना हरकत एकाच वेळी मागा, म्हणजे फाईल दोनदा फिरणार नाही. अनुदानित महाविद्यालयात व्यवस्थापनाची सही लागत असेल तर तिच्यासाठी आठवडाभर वेगळा धरा, कारण मे महिन्यात सही करणारे पदाधिकारीही गावी गेलेले असतात. निवड झाल्याचा ईमेल आल्यावर तो छापून फाईलला लावा आणि विभागप्रमुखांना तपासणीच्या पाळ्या त्याआधी किंवा त्यानंतर द्यायला लेखी विनंती करा.

ऑनलाईन कार्यक्रमात गोव्याची म्हणून एक अडचण आहे. मेच्या उत्तरार्धात वळवाचे ढग जमले की लाईट जाते, आणि सांगे, सत्तरी, काणकोणकडे ती लवकर येत नाही. हजेरीचा फॉर्म काही मिनिटेच उघडा असतो. तेव्हा लॅपटॉपवर अवलंबून न राहता मोबाईलवरही तीच बैठक सुरू करता येईल अशी तयारी ठेवा. राउटरला छोटा इन्व्हर्टर लावा. सत्र तुटलेच तर त्याच दिवशी, त्याच तासात समन्वयकाला ईमेल करा. आठवड्यानंतरच्या खुलाशाला किंमत राहत नाही. सत्राचे प्रश्नपत्र, लघुप्रकल्प आणि सादरीकरण ही गुणांची तीन अंगे शेवटच्या दोन दिवसांवर ढकलू नका. ग्रेड त्यावर ठरते आणि प्रमाणपत्रावर ती छापली जाते.

स्वयंम् आणि एनपीटीईएल या ऑनलाईन कोर्सच्या सरकारी मंचांचा मार्ग स्वस्त नि चांगला आहे, पण त्याची तारीख नीट समजून घ्या. जुलै सत्रासाठी नावनोंदणी उन्हाळ्यात होते, अभ्यास जुलैअखेर सुरू होतो, परीक्षा पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरकडे आणि प्रमाणपत्र त्यानंतर. पात्रतेची तारीख ऑगस्टमध्ये असेल तर हा कोर्स या बढतीला उपयोगी नाही. एनपीटीईएलमध्ये स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर बसून द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात. स्वाध्यायांत पैकीच्या पैकी मिळवून परीक्षेत २८ पडले तर प्रमाणपत्र नाही. अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी ८ आठवड्यांचा कोर्स एक एफडीपी आणि १२ आठवड्यांचा दीड एफडीपी धरला जातो.

एका उन्हाळ्यात एकच पूर्ण कोर्स, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाच प्रमाणपत्रांपैकी चार कपाटात राहतात आणि शिकलेले काही डोक्यात राहत नाही.

संशोधनासाठी बाहेर पडायचे असेल तर

गोव्यात उन्हाळी क्षेत्रकार्याला शेवट असतो आणि तो पंचांगावर नव्हे, पावसावर ठरतो. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मागे मोजत या. मत्स्यव्यवसायावर काम असेल तर मालिम, कुटबण, वास्को इथल्या जेटीवरच्या मुलाखती ३१ मेच्या आत उरका, कारण १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी असते. खलाशी गावी परततात, ट्रॉलर वर ओढले जातात, आणि आकडे देणारा माणूसच जेटीवर नसतो. मिठागरांचे काम त्याहून आधी संपते. पहिला मोठा वळीव पडला की आगरवाडा किंवा हडफड्याच्या आगरांतला हंगाम आटोपतो. खाजन शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत) मानशी (पाण्याची दारे) नि बांध पाहायचे तर भरती-ओहोटीचे तक्ते घेऊन ओहोटीच्या वेळी जा, तेही बांध कोरडे असताना. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना शिरगावच्या लईराई जत्रेची तारीख वैशाख शुद्ध पंचमीची. ती बहुतेकदा तपासणीच्या दिवसांत येते, म्हणून पाळी बदलून घ्या. म्हादई किंवा मोले अभयारण्यात नमुने गोळा करायचे असतील तर वनखात्याची परवानगी दोन-तीन महिने आधी मागायला हवी. मे महिन्यात अर्ज केला तर परवानगी पावसात मिळेल, आणि पावसात पायवाटा बंद.

पुराभिलेख पाहणाऱ्यांनी उलटा क्रम धरावा. मे महिन्यातले क्षेत्रकार्य आधी उरकून कागदपत्रांचे काम जूनच्या पहिल्या पंधरवड्याला ठेवा, छपराखालचे काम पावसातही होते. पणजीतल्या पुराभिलेख खात्याची परंपरा १५९५पर्यंत मागे जाते. दियोगु दो कोतु हा तिथला पहिला अभिलेखपाल. जाताना प्राचार्यांचे ओळखपत्र-वजा पत्र, आधार, विषयाचा अर्धा पानाचा आराखडा आणि पेन्सिल घेऊन जा. आराखड्यात वर्षे नि महाल नेमके लिहा. «पोर्तुगीज काळातील शेती» असे लिहिले तर कर्मचारी काय काढून देणार? «१८८० ते १९१०, पेडणे महाल, कोमुनिदादींचे लिलाव» असे लिहिले तर पहिल्याच दिवशी बस्ता टेबलावर येतो. पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२पासूनचे. तिथली जुनी गोमंतकीय वर्तमानपत्रे, पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आणि गोवा विद्यापीठ ग्रंथालयातला पिसुर्लेकर संग्रह ही तीन ठिकाणे एकाच आठवड्यात बसवता येतात. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात, हे परगावच्या सहकाऱ्याला बोलावताना लक्षात ठेवा.

विज्ञान शाखेच्या शिक्षकांच्या हाताशी दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्यातले कृषी संशोधन केंद्र, आयआयटी, एनआयटी आणि बिट्स अशा संस्था आहेत. एवढ्या लहान राज्यात इतक्या प्रयोगशाळा इतक्या जवळ असणे ही मोठी सोय आहे आणि महाविद्यालयीन शिक्षक तिचा पुरेसा उपयोग करत नाहीत. त्यासाठीची योग्य योजना म्हणजे केंद्राची टेअर (टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स). राज्य विद्यापीठांतल्या नि महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी मोठ्या संस्थेत जाऊन संशोधन करायचे, मुदत ३ वर्षे, दरवर्षी किमान ९० दिवस यजमान संस्थेत. मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि आठवड्याचा एखादा दिवस मिळून हे ९० दिवस भरतात. यजमान शास्त्रज्ञाला पहिले पत्र लिहिताना स्वतःची पाच पानी माहिती पाठवू नका. त्यांचे अलीकडचे दोन निबंध वाचा, त्यांतल्या कोणत्या प्रश्नावर तुम्ही काम करू शकता ते दहा ओळींत लिहा, आणि तुमच्या महाविद्यालयात कोणती उपकरणे आहेत ते सांगा. मग भेटीची वेळ मागा.

देशातल्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप विद्यार्थ्यांप्रमाणे शिक्षकांनाही खुली असते. दोन महिने नामवंत संशोधकाकडे काम करता येते. तिचे अर्ज मात्र आदल्या नोव्हेंबरच्या सुमारास घेतले जातात. म्हणजे या मे महिन्यात करायचे काम एकच: पुढच्या नोव्हेंबरसाठी विषय नि संशोधकांची नावे ठरवून ठेवणे, आणि आपल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या हुशार मुलांनाही तारीख सांगणे.

निबंध पाठवताना सावध राहा. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने केअर यादी (मान्य संशोधन-नियतकालिकांची यादी) बंद केली. आता नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थेवर नि लेखकावर आली आहे. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठीय पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का पाहा. आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) अधिकृत संकेतस्थळावर तपासा. मागच्या दोन अंकांतले निबंध प्रत्यक्ष वाचा. «तीन दिवसांत स्वीकृती, शुल्क अमुक» असा संदेश आला तर उत्तरच देऊ नका.

घरी बसून होणारे, पण गुणांचे काम

ज्यांना घरच्या कारणाने बाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी दोन कामे मोलाची आहेत. पहिले ई-साहित्य. गोव्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाने दिष्टावो हा ऑनलाईन पाठांचा प्रकल्प सुरू केला आणि गोव्यातल्याच शिक्षकांनी गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे पाठ तयार केले. यूजीसीच्या गुणतक्त्यात चारही भागांसह एका घटकाला ५ गुण, संपूर्ण कोर्सला १२, नुसत्या एका भागातल्या सहभागाला २ गुण आहेत. चार भाग म्हणजे चित्रफीत, वाचनसाहित्य, पूरक दुवे किंवा चर्चा, आणि स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न. बरेच जण चित्रफीत करून थांबतात आणि ५च्या जागी २वर राहतात.

चित्रफितीचे ध्वनिमुद्रण पहाटे सहा ते आठच्या दरम्यान करा. त्यानंतर पंखा बंद ठेवून बसवत नाही, आणि पंख्याची घरघर मुद्रणात सगळ्यांत आधी येते. कपड्यांची कपाटे असलेली खोली निवडा, आवाज घुमत नाही. एका चित्रफितीत एकच संकल्पना, १५-२० मिनिटे. नेटवरची चित्रे उचलून लावू नका, हक्काचा प्रश्न येतो आणि पूर्ण पाठ परत येतो. स्वतः काढलेले छायाचित्र किंवा आकृती केव्हाही बरी.

दुसरे काम अनुवाद. त्याच तक्त्यात एका पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण, प्रकरणाला किंवा शोधनिबंधाला ३. पोर्तुगीजमधले गोव्याविषयीचे कितीतरी लेखन मराठीत आलेलेच नाही. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांनी हे काम गुणांसाठी नसले तरी हाती घ्यावे इतके ते गरजेचे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. ती मुदत संपलेली नसेल तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी आधी घ्या, अनुवाद पुरा झाल्यावर नव्हे.

कार्यालय, ग्रंथालय, प्रयोगशाळा

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना उन्हाळी सुट्टी नसते, उलट त्यांचा हा सर्वांत धावपळीचा काळ. तरी प्रशिक्षणासाठी प्रवेशाची पहिली यादी लागण्याआधीचे दोन आठवडे मिळतात. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जुन्या गोव्यात एला येथे जिपार्ड ही संस्था सेवानियम, लेखा, टिपणी-लेखन असे वर्ग घेते. अनुदानित महाविद्यालयांनी आपल्या लिपिकांसाठी जागा मिळेल का, असे पत्र प्राचार्यांच्या सहीने पाठवून पाहावे. आयगॉट कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षण-पोर्टलवरचे छोटे कोर्स कामाच्या वेळेत तासाभरात होतात. प्रमाणपत्र डाउनलोड करून सेवापुस्तिकेच्या फाईलला लावा, नुसते पोर्टलवर राहू देऊ नका. एका वेळी कार्यालयातले दोघेच पाठवा आणि परतल्यावर त्यांच्याकडून बाकीच्यांसाठी तासाभराची बैठक घ्या. ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची नोंद ठेवणारी) खाती जोडताना नावातली फरकाची अक्षरे, आधारवरचे वेगळे आडनाव अशा गोष्टींनी जूनमध्ये काम तुंबते. ते एकाच लिपिकाला ठाऊक असून चालत नाही.

ग्रंथालयात साठा-पडताळणी मे महिन्यातच करावी. मोठ्या ग्रंथालयांनी विषयवार भाग पाडून दरवर्षी एक भाग पुरा केला तरी चालते.

प्रयोगशाळा साहाय्यकांसाठी मात्र एक काम असे आहे की ते चुकले तर ऑगस्टमध्ये पश्चात्ताप होतो: सूक्ष्मदर्शकांची भिंगे. पावसाळी दमटपणात बंद कपाटात भिंगावर बुरशी धरते, आणि ती मुळे रोवल्यासारखी काचेचा लेप खाते. पुसून जात नाही. सुट्टी लागण्याआधी नेत्रिका नि वस्तुभिंगे लेन्स-पेपरने पुसा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, डब्यावर तारीख घाला. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास तापवले की पुन्हा निळे होतात. दर पंधरा दिवसांनी कुणी पाहायचे त्याचे नाव नोंदवहीत लिहा, नाहीतर «कुणीतरी बघेल» म्हणत कुणीच बघत नाही. कापडी किंवा चामडी पेटीत भिंगे ठेवू नका, ओल तिथेच जास्त धरते.

विद्यार्थ्यांची इंटर्नशिप : मार्गदर्शकाचे काम

चार वर्षांच्या पदवीत उन्हाळी इंटर्नशिप ६० ते १२० तासांची, आणि ३० तासांना एक क्रेडिट. मार्गदर्शक म्हणून नाव लागले असेल तर तीन कागद विद्यार्थी निघण्याआधी हवेत: संस्थेचे स्वीकारपत्र, पालकांचे संमतिपत्र, तासांची नोंदवही. हॉटेलांत नि रिसॉर्टमध्ये मे हा पर्यटकांच्या गर्दीचा महिना. तिथे मुलांना शिकवण्याऐवजी नुसते राबवले जाण्याचा धोका खरा आहे. दर आठवड्याला एक फोन विद्यार्थ्याला, एक तिथल्या पर्यवेक्षकाला. दोघांच्या सांगण्यात फरक दिसला तर प्रत्यक्ष जाऊन या.

लेक्चर बेसिस आणि कंत्राटी शिक्षकांसाठी

यांचा उन्हाळा वेगळा. लेक्चर बेसिसवर सुट्टीचा पगार नसतो आणि पुढच्या नेमणुकीच्या जाहिराती मे-जूनमध्ये येतात. सत्र संपण्याच्या आठवड्यातच अनुभवाचा दाखला मागून घ्या. त्यात पद, नेमणुकीचा प्रकार, नेमक्या तारखा, आठवड्याचे तास, मिळणारे मानधन आणि निवड समितीमार्फत नेमणूक झाली का, हे सगळे हवे. «गेली काही वर्षे समाधानकारक काम केले» असा दाखला पुढे सेवा मोजताना उपयोगी पडत नाही.

१५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून काढायला वेळ लागतो, आणि जाहिरात आल्यावर तिथे रांग असते. जुना असेल तर त्याची मुदत तपासा. सरकारी पदांसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट अशी अट असते. मराठीतून शिकवणाऱ्यांनीही कोकणीत आपला विषय पाच मिनिटे मांडण्याचा सराव ठेवावा. जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी अनिवार्य नाही, नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पुरते. नेट जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातर्फे होणारी सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी आहे. गुणपत्रके, जातीचा दाखला, रहिवास, नेट-सेटचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचे दाखले एकाच पीडीएफमध्ये, प्रत्येक पानावर सही करून, तयार ठेवा. जाहिरातीनंतर अर्जाला मिळणारे दिवस मोजकेच असतात आणि ते झेरॉक्सच्या दुकानात घालवायचे नसतात.